साधं की सात

मिस्त्रींच्या घरात एक भांडण चाळीस वर्षं चालू होतं. इतकं जुनं झालं होतं की त्याला आता घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा मान मिळू लागला होता. पाहुणे आले की चहाबरोबर ते बाहेर यायचं.

"मी साधं म्हणाले होते," मॅडम म्हणायच्या.

"तू सात म्हणालीस," मिस्त्री म्हणायचे.

पाहुणे पोट धरून हसायचे, मिस्त्रीही हसायचे आणि मॅडम हसत हसत कप गोळा करून स्वयंपाकघरात जायच्या. आत गेल्यावर त्यांचं हसू टिकत नसे. हे फक्त मिस्त्रींना ठाऊक होतं, कारण स्वयंपाकघराच्या दाराला काच त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली होती.

भांडण कशावरून, ते आधी सांगायला हवं. जुन्या गाण्यांचा थोडाफार नाद असलेल्या कुठल्याही माणसाला 'सात दारांचं गाणं' म्हटलं की पुरतं. गाण्याचं खरं नाव वेगळंच आहे, पण ते खुद्द ड्रमरलाही आठवत नसावं. लोकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो व्हिडिओ. कपाळावर झुलपं सोडलेला गायक घरात भांडतो, तरातरा निघतो, दार उघडतो, तर पुढे आणखी एक दार. तेही उघडतो, तर आणखी एक. अशी सात. सातव्या दारापलीकडे काहीच नाही, नुसता पांढरा उजेड, आणि तिथे गिटार अशी काही सुटते की त्या काळी लोक हातातलं काम टाकून टीव्हीसमोर पळत यायचे.

दारं सातच का, यावर शहाण्या माणसांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. कोणी म्हणतो आठवड्याचे सात दिवस. कोणी म्हणतो इंद्रधनुष्याचे सात रंग. झुलपेवाल्याचे सात प्रेमभंग झाले होते असंही एकानं शोधून काढलंय, आणि सातांची यादी दिलीय. खुद्द दिग्दर्शकांनी मात्र मुलाखतीत सांगून टाकलं होतं, की ते सात सूर आहेत, आणि ही कल्पना आपल्याला अंघोळ करताना सुचली.

खरं कारण असं होतं, की स्टुडिओच्या ऑफिसातून सुतारखान्यात फोन गेला, 'परवासाठी साधं दार', आणि मिस्त्रींनी सात दारं केली.

फोन करणारी मुलगी ऑफिसात सगळ्यांत लहान होती, पण तिचं बोलणं इतकं स्वच्छ आणि ठाशीव, की सगळा स्टुडिओ तिला गमतीनं मॅडम म्हणे. वक्तृत्वाची तीन बक्षिसं होती तिच्या नावावर. फोनवर बोलणं हे तिचं काम नव्हतं, तो तिचा अभिमान होता. शूटिंगच्या सकाळी सेटवर सात दारं ओळीनं उभी दिसली तेव्हा दिग्दर्शक तांबडे झाले. "हे काय, मी दारांचं दुकान टाकलंय?" असं ओरडून त्यांनी चौकशी केली, आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "जिला दोन शब्द धड सांगता येत नाहीत तिनं फोनला हात लावू नये." त्याच दिवशी मॅडमचं टेबल फोनपासून उचलून कागदांच्या खोलीत गेलं. बँड येऊन बसला होता, स्टुडिओ एकाच दिवसापुरता मिळाला होता, म्हणून आहेत ती दारं वापरून व्हिडिओ उरकण्यात आला. दीड महिन्यात तो गाजला. दिग्दर्शक टीव्हीवर जाऊन सात सुरांवर बोलले. मॅडमना कोणी परत फोनजवळ बसवलं नाही. वर्षाच्या आत त्यांनी नोकरी सोडली आणि मिस्त्रींशी लग्न केलं. दोन्हींतली मोठी चूक कुठली, ते त्या मूड पाहून सांगत.

त्या दिवसाची एक खूण मात्र राहून गेली. मॅडम तेव्हापासून सगळं दोनदा सांगायच्या. "सहाला या. सहाला, सातला नाही." दुकानदाराला, रिक्षावाल्याला, डॉक्टरला, सगळ्यांना. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती की कोणाच्या लक्षातही येत नसे. मिस्त्रींच्या मात्र दर वेळी लक्षात यायचं आणि छातीत बारीक टोचायचं.

टोचायचं, कारण त्यांच्यापाशी एक शब्द दडवलेला होता.

फोनवर मॅडम म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, परवासाठी साधं दार. एकच." मिस्त्रींना ऐकू आलं, "परवासाठी सात दारं. एकच." आता सात दारं आणि वर एकच, हे कुठल्याही शुद्धीवरच्या माणसाला खटकलं असतं. मिस्त्रींनी डोकं चालवलं आणि ठरवलं, की एकच म्हणजे एकच माप. सातही दारं एका मापाची हवीत. दोन दिवस भूक-तहान विसरून त्यांनी ती केली, आणि केसभराचाही फरक पडू दिला नाही. त्या सकाळी दिग्दर्शक "एकच! मी एकच दार सांगितलं होतं!" म्हणून किंचाळले तेव्हा मिस्त्रींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलगी बरोबर होती. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण नोकरीला तिसराच महिना होता, ते तोंड मिटलं, आणि मिटलेलंच राहिलं. पुढे लग्न झालं, भांडणाचा विनोद झाला, विनोदाला पाहुणे हसू लागले. आता सांगायचं तर कुठल्या तोंडानं? सातचा पक्ष निदान चुकून घेतला होता, असं म्हणता येत होतं. 'एकच' दडवला होता तो मात्र समजून उमजून.

तर असा सगळा मामला असताना त्यांच्या नातीनं एका प्रश्नमंजूषेत नाव घातलं.

नात सोळा वर्षांची, आणि तिच्या जन्माआधीच्या गाण्यांचं तिला वेड. कुठल्या व्हिडिओत कोणाच्या बुटाची नाडी सुटलेली आहे इथपर्यंत पाठ. वाचनालयाच्या सभागृहात रविवारी सकाळी 'जुनी गाणी, जुने व्हिडिओ' अशी स्पर्धा होती, तिघांचा एक संघ. नातीनं परस्पर 'आजी, आबा, नात' नावाचा संघ नोंदवून टाकला आणि वयाचा मान म्हणून मिस्त्रींना कप्तान केलं.

"मी येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणजे नाही."

"आजी, ऑफिसात सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालंय. तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही गं!"

"ते एक गाणं विचारलं तर?"

"शेकडो गाणी आहेत आजी. नेमकं तेच कशाला विचारतील?"

सोळा वर्षांच्या माणसाला नशिबाबद्दल फारशी माहिती नसते.

रविवारी तिघं सभागृहात पोचले. खुर्च्या भरलेल्या होत्या. एका पोरगेल्या गृहस्थाच्या शर्टावर तर सात दारं छापलेली होती आणि प्रत्येक दारावर एकेक सूर. प्रश्न विचारायला भूगोलाचे निवृत्त सर होते. हातात रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा, आणि चेहरा असा की पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्याला अजून बाकावर उभं करतील. समोरच्या टेबलावर दर वर्षी जिंकणारे तीन पोस्टवाले बसले होते. त्यांना प्रत्येक गाण्याची तारीख पाठ होती. आणि व्यासपीठावर, मानेला मऊ मफलर गुंडाळून, काळा चष्मा लावून प्रमुख पाहुणे बसले होते. ऐंशीला टेकले होते, तरी ओळखू येत होते. दिग्दर्शक.

मॅडमनी पर्स घट्ट धरली. "चला घरी. घरी चला."

"आजी, प्लीज," नात म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मला खरंच माहीत नव्हतं ते येणारेत."

मॅडमनी नातीकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून बसल्या. नातीसाठी त्या कुठेही बसल्या असत्या. मिस्त्रींनी मात्र एकदा दाराकडे पाहून घेतलं.

पण स्पर्धा सुरू झाली आणि मॅडमना रंग चढला.

"पावसाच्या गाण्यात गायिका थरथरते," सरांनी कार्ड वाचलं. "तो अभिनय होता की आणखी काही?"

मॅडमनी घंटी मारली. "अभिनय कुठला! पाणी आगीच्या बंबातलं होतं, तेही हिवाळ्यात. बाईंना एकशे दोन ताप भरला. डॉक्टरांना फोन मीच केला होता."

"कार्डावर 'थंड पाणी' एवढंच आहे," सर म्हणाले. "ताप जादा. एक गुण."

"सफेद घोड्याच्या गाण्यात घोडा सतत उजवीकडेच का जातो?"

हे मिस्त्रींना माहीत होतं. "डावी बाजू तपकिरी होती, सर. पावडर पुरली नाही."

सभागृह हसलं. पोस्टवाल्यांनी एक तारीख आणि एक पुरस्कार अचूक सांगून बरोबरी केली. मग सरांनी विचारलं, की समुद्राच्या गाण्यानंतरच्या दोन व्हिडिओंत ड्रमर हातमोजे घालून का वाजवतो? पोस्टवाले म्हणाले, फॅशन. नात उसळून म्हणाली, "समुद्र म्हणजे टाकी होती, तिच्यात निळा रंग कालवला होता, आणि तो ड्रमरच्या हातावरून दोन महिने गेलाच नाही!" मॅडम हळूच म्हणाल्या, "कानामागूनही नाही." पुढचे दोन प्रश्न पोस्टवाल्यांनी घेतले, एक नातीनं, आणि शेवटचं कार्ड उरलं तेव्हा फळ्यावर दोघांचे गुण समसमान होते.

"शेवटचा प्रश्न," सर म्हणाले. "आधी घंटी मारेल तो संघ. उत्तर कप्तानानंच द्यायचं. सात दारांच्या..."

नातीनं घंटी मारली. हात आधी गेला, डोकं मागून पोचलं.

"...व्हिडिओत दारं सातच का?" सरांनी वाक्य पुरं केलं आणि मिस्त्रींकडे पाहिलं.

सभागृहात कुजबुज झाली. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. व्यासपीठावर दिग्दर्शकांनी मफलर सारखा केला आणि कौतुक ऐकायला मान जराशी कलती करून बसले.

"आबा," नात त्यांच्या कानात म्हणाली, "कार्डावर सात सूरच असणार. तेवढं म्हण, जिंकलो आपण."

मिस्त्री उभे राहिले. दोन शब्दांचं काम होतं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम टेबलाकडे बघत हसत होत्या. पाहुण्यांसमोर हसायच्या तसंच, कप उचलायच्या आधीचं हसू. इथे मात्र उठून आत जायला स्वयंपाकघर नव्हतं. हे हसू आपण चाळीस वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर बसवत आलो, हे मिस्त्रींना त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"माझी चूक झाली म्हणून," ते म्हणाले.

"काय?" सर म्हणाले.

"दारं सात आहेत, कारण माझी चूक झाली. ती मीच बनवली, सर. सुतार मीच होतो. मला साधं दार सांगितलं होतं, मी सात दारं ऐकलं."

शर्टावर दारं छापलेला गृहस्थ उभा राहिला. नातीनं डोक्याला हात लावला. मिस्त्री थांबले नाहीत. आता थांबले तर परत कधी सुरू होणार नाही, याची त्यांना खात्री होती.

"फोन ज्यांनी केला त्यांचं बोलणं अगदी स्पष्ट होतं. त्या साधं दार म्हणाल्या, आणि पुढे एकच म्हणाल्या. एकच हा शब्द मला चांगला ऐकू आला होता. मी म्हटलं एकच माप असेल. म्हणजे त्या बरोबर होत्या हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोलणी मात्र त्यांनी खाल्ली. मी गप्प बसलो. नंतरही गप्प बसलो. घरी तर त्याचा विनोद केला." त्यांनी मॅडमकडे हात केला. "त्या माझ्या पत्नी आहेत. या इथे बसल्यात."

शंभरेक डोळे मॅडमकडे वळले. मॅडमचं हसू गेलं होतं. त्या मिस्त्रींकडे अशा बघत होत्या की जणू त्यांची कोणीतरी नव्यानं ओळख करून देतंय.

सरांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "कार्डावर सात सूर आहे," ते कष्टी होऊन म्हणाले आणि व्यासपीठाकडे वळले.

दिग्दर्शकांनी काळा चष्मा काढला. त्याच्यामागे एक साधासुधा, थकलेला म्हातारा निघाला. "करवत चालू असेल तुमची," ते मिस्त्रींना म्हणाले. "म्हणून ऐकू आलं नसेल."

"नाही. फोन वाजायच्या आधीच मी बंद केली होती."

दिग्दर्शक मॅडमकडे वळले. "बाई, फोनवर काय म्हणाला होतात?"

मॅडम उठल्या. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत, माइकशिवाय, एकेक अक्षर सुटं ऐकू गेलं. "परवासाठी साधं दार. एकच." आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं नाही.

"मी त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो होतो."

"हो. सदतीस माणसं होती. मी बघत होते ना एकेकाकडे."

"आज इथे तेवढी आहेत का?"

मॅडमनी नजर फिरवली. "जास्त आहेत."

"मग बरं झालं," दिग्दर्शक काठीवर भार देऊन उभे राहत म्हणाले. "बाई, मी चुकलो. तुम्ही नीट सांगितलं होतंत. आणि ते सात सूर वगैरे सगळी थाप आहे हो. निर्मात्यानं विचारलं सात का, तर तोंडाला येईल ते बोललो. पुढे लोकच इतके भारावून गेले की मलाही खरं वाटायला लागलं." शर्टवाल्या गृहस्थाकडे पाहून ते म्हणाले, "शर्ट छान आहे. घालत राहा."

टाळ्या अशा वाजल्या की सरांना कार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटून शांतता करावी लागली. पोस्टवाल्यांनी मात्र तेवढ्यात हरकत घेतली: उत्तर खरं असेल, पण कार्डावरचं नाही. सर न्यायी माणूस. त्यांनी प्रश्न रद्द केला आणि राखीव कार्ड काढलं. "झुलपेवाल्याच्या सगळ्यांत पहिल्या व्हिडिओत त्याच्या हातात कुठलं वाद्य होतं?"

पोस्टवाल्यांची घंटी वाजली. "अकॉर्डियन!"

"बरोबर. पोस्ट विजयी."

"आजी!" नात जवळजवळ रडकुंडीला आली. "अगं, हे तुला झोपेत विचारलं तरी येतं!"

"अकॉर्डियन," मॅडम म्हणाल्या. रुमालानं डोळे टिपता टिपता त्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना काहीतरी रंगवून सांगत होत्या. "मीच तर फोन करून मागवला होता."

"मग घंटी का नाही मारलीस?"

"प्रश्न कधी विचारला?" मॅडम म्हणाल्या. "मला ऐकूच नाही आला."

आणि हे आपण काय बोललो ते कळून त्या इतक्या हसल्या, की नातीलाही हसावं लागलं. हरलेला संघ इतका हसतोय म्हणताना पोस्टवाल्यांना आपलं बक्षीस जरा संशयास्पद वाटू लागलं.

बाहेर ऊन पडलं होतं. मॅडम पुढे झपाझप चालल्या होत्या. मागे मिस्त्री, आणि आता काय होतंय ते एक अक्षरही चुकू नये म्हणून मधोमध नात. कोपऱ्यावरच्या सिग्नलला मॅडम थांबल्या आणि वळल्या.

"करवत बंद होती?"

"बंद होती."

"आजूबाजूला कोणी बोलत होतं?"

"कोणीच नव्हतं. सगळे जेवायला गेले होते."

"लाइन खराब होती?"

"नाही. उत्तम होती."

"मग तुम्हाला ऐकू कसं आलं नाही, मिस्त्री?"

मिस्त्रींनी नातीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. दोन्हींकडून काही मदत मिळाली नाही.

"ऐकू येत होतं ना," ते म्हणाले. "तू रोज एकला फोन करायचीस. एकला पाच कमी असले की मी करवत बंद करून फोनपाशी उभा राहायचो. तुझा आवाज इतका आवडायचा, की तू काय मागतेयस तिकडे लक्षच राहायचं नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात तू खिडकी मागितलीस, तर मी शिडी पाठवली."

"ती शिडी त्यामुळे आली होती?"

"त्यामुळेच."

सिग्नल हिरवा झाला. लोक बाजूनं निघून गेले, हे तिघं तिथेच उभे. मॅडमच्या ओठांचं काय चाललं होतं ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

"हे एकदाही सांगितलं नाहीत मला. इतक्या वर्षांत."

"सांगितलं असतं तर 'एकच'चंही सांगावं लागलं असतं."

मॅडमनी मान हलवली. 

"मी तुमच्यावर फार रागावणार आहे, मिस्त्री."

"हो."

"चांगला महिनाभर."

"चालेल."

"पण उद्यापासून," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मिस्त्रींचा हात धरला. "आज नाही जमायचं. आज मला फार म्हणजे फारच बरं वाटतंय."